दुर्मिळ रिव्हॉल्व्हरं आणि वहीतला रिकामा रकाना

"माझा एक भाचा अमेरिकेत जुनी रिव्हॉल्व्हरं जमवतो" हे वाक्य आमच्या गोतावळ्यात अजूनही आवाज खाली आणून बोललं जातं. तिकिटं जमवणारे, नाणी जमवणारे, काडेपेट्यांवरची चित्रं जमवणारे असे सगळे छांदिष्ट आमच्याकडे होऊन गेले. त्यांची थट्टा झाली तसं कौतुकही झालं. याचं मात्र कौतुक करावं की याला समजवावं, हे कुणालाच ठरवता येत नाही. एक तट म्हणतो, शस्त्र ते शस्त्र, त्याचा कसला आलाय छंद? दुसऱ्या तटात खुद्द भाचा आणि घरातली तरुण मंडळी. त्यांचं म्हणणं, ही जुनी, सुबक यंत्रं आहेत, मनगटी घड्याळासारखी, तुम्ही उगाच घाबरता.

माझं मत या दोन्ही तटांशी जुळत नाही. पण ते सांगण्याआधी तो नक्की काय जमवतो हे सांगायला हवं, कारण भांडणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना तेच ठाऊक नाही. मलाही त्याने फोनवर तासन्‌तास समजावून सांगितलं तेव्हा कळलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवल्यावर म्हातारपणी कुणीतरी आपल्याला शिकवतंय, याचं सुख वेगळंच असतं.

रिव्हॉल्व्हरच्या चक्राभोवती जो लोखंडी सांगाडा असतो त्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या मापावरून रिव्हॉल्व्हरांची घराणी ठरतात. स्मिथ अँड वेसन ही मूळची मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. (तिने २०२३ साली आपलं मुख्यालय टेनेसी राज्यात हलवलं.) तिच्याकडे मापांना अक्षरांची नावं आहेत. लहान मापांत आय आणि जे, मधलं के, मोठं एन. आमच्या भाच्याचा जीव लहान मापावर. त्यातही सगळ्या लहान रिव्हॉल्व्हरांवर नाही, तर ज्यांची नेम धरायची खाच फिरवून जुळवता येते, तेवढ्यांवरच.

इथे जरा थांबून समजून घेऊ. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे डोळ्याच्या बाजूला एक खाच असते. खाचेतून माशी दिसली आणि माशीवर निशाण दिसलं की नेम लागला. साध्या लहान रिव्हॉल्व्हरात ही खाच म्हणजे फ्रेमच्या पाठीवर कोरलेली एक चर, बस्स. ती हलत नाही. भाच्याच्या रिव्हॉल्व्हरांत मात्र खाचेला दोन बारीक स्क्रू असतात, एक वर-खाली करायला आणि एक डावी-उजवीकडे सरकवायला. स्क्रू फिरवताना टिक टिक असं हाताला जाणवतं. नियम असा, की गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची खाच सरकवायची.

आता यातली गंमत पाहा. लहान रिव्हॉल्व्हर बनवलं जातं ते खिशात मावावं, पटकन बाहेर निघावं म्हणून. तिथे ही उंच खाच कापडात अडकते, धक्क्याने हलते. शिवाय नळी आखूड, म्हणजे माशी आणि खाच यांच्यातलं अंतर कमी. त्रैराशिक मांडा. हे अंतर १० सेंटीमीटर असेल आणि माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर हुकते. अंतर २० सेंटीमीटर असेल तर चूक निम्म्यावर येते. म्हणजे आखूड नळीवर इतकी नाजूक सोय बसवणं हे वरवर पाहता बटव्याला तिजोरीचं कुलूप लावण्यासारखं आहे.

मग ती बसवली कशासाठी? तर खिशासाठी नव्हेच. कंपनीने १९११ च्या सुमारास .३२ च्या फ्रेमवर .२२ चं एक रिव्हॉल्व्हर काढलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी फिलिप बेकार्ट यांनी ते मागवलं, म्हणून संग्राहक त्याला आजही बेकार्ट म्हणतात. त्याची नळी सहा इंची. पुढे १९३० च्या दशकाच्या मध्याला चार इंची नळीचं धाकटं भावंड आलं, त्याचं नाव २२/३२ किट गन. गळ टाकायला जाणारा, रानात तंबू ठोकणारा माणूस जी सामानाची पेटी नेतो, ती किट. त्या पेटीत गळ, दोरा, चाकू यांच्या शेजारी पडून राहणारं हे रिव्हॉल्व्हर. .२२ ची आखूड आणि लांब अशी दोन्ही जातींची काडतुसं त्यात चालतात आणि प्रत्येकाची गोळी वेगळ्या जागी लागते. म्हणून खाच जुळवण्याची सोय. कारण समजलं की वस्तू शहाणी वाटायला लागते.

१९५० साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांचं संमेलन भरलं. तिथे कंपनीने जे मापाचं पाच गोळ्यांचं .३८ रिव्हॉल्व्हर दाखवलं, आणि जमलेल्या प्रमुखांनीच त्याला चीफ्स स्पेशल हे नाव दिलं. १९५७ पासून नावांच्या जागी आकडे आले. किट गन झाली ३४ नंबर, चीफ्स स्पेशल ३६. हलक्या धातूची किट गन ४३, मॅग्नम काडतुसाची ५१, आणि पुढे १९७७ साली न गंजणाऱ्या पोलादाची ६३. चीफ्स स्पेशललाही कंपनीने फिरती खाच बसवून पाहिली. तिचा नंबर ५०, पण काही नगांवर ३६ हाच आकडा मारलेला सापडतो. ती फारशी खपली नाही. लपवून बाळगणाऱ्या पोलिसाला ती नको होती आणि नेमबाजाला तिची नळी आखूड वाटे. आज संग्राहक तिच्यामागे धावतात. दुसऱ्या बाजूला कोल्ट कंपनीने १९६६ साली डायमंडबॅक काढलं. त्यांच्या सुप्रसिद्ध पायथनचं लहान रूपच म्हणा ना. १९८० च्या दशकात तेही बंद झालं.

म्हणजे दुर्मिळ या शब्दाचा खरा अर्थ पुष्कळदा 'तेव्हा कुणाला नको होतं' एवढाच असतो. हे मी भाच्याला म्हटलं तर तो हसला आणि म्हणाला, "मावशी, हे आमच्या लिलावात सांगू नकोस."

तर असा हा छंद. यात अभ्यास आहे का? नक्कीच आहे. नळी फ्रेममध्ये बसवल्यावर आडवी पिन मारायची पद्धत १९८२ च्या सुमारास संपली. मुठीच्या लाकडावर स्क्रूभोवती कोरलेला शंकरपाळ्यासारखा चौकोन १९६० च्या दशकाच्या अखेरीस गेला. चक्र उघडायची कळ आधी चपटी होती, १९६० च्या दशकातच तिचा आकार बदलला. अशा खुणांवरून भाचा फोटो पाहून वर्षं सांगतो, आणि एखाद्याने जुन्या फ्रेमला नवी नळी जोडून दुर्मिळ म्हणून खपवायला आणली तर तेही ओळखतो. हस्ताक्षरावरून निबंध मुलाने लिहिलाय की बापाने, हे ओळखणाऱ्या बाईला यात काय नवल वाटणार!

तेव्हा 'याचा कसला आलाय छंद' म्हणणाऱ्या तटाला माझं पहिलं सांगणं असं, की तुमच्या डोळ्यांसमोर आपल्याकडची बंदूक येते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. एका माणसाला आधी तीन हत्यारं ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. निवडणूक आली की अनेकांना ती पोलीस चौकीत जमा करावी लागतात. त्यामुळे इथे बंदूक म्हटलं की जमीनदार, बंदोबस्त किंवा गुन्हा, एवढंच आठवतं. ओहायोतल्या माणसाचं तसं नाही. तिथे असा संग्रह कायद्यात बसतो, आणि त्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवानाही मिळतो. मूळ स्थितीतलं ५० वर्षं जुनं हत्यार त्या परवान्याच्या कक्षेत येतं. १९७५ साली बनलेलं रिव्हॉल्व्हर २०२५ मध्ये त्या रांगेत येऊन बसलं. भाच्याकडे हा परवाना आहे, आणि तो कुणाच्या नजरेआड काही करत नाही.

पण 'घड्याळासारखंच' म्हणणाऱ्या तटालाही सोडणार नाही. आमच्या थोरल्या घरी माळ्यावर एक तलवार आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं आणि ती परत वर जाते. ती आता कुणाचं काही बिघडवू शकत नाही. १९५५ सालची किट गन मात्र आजही तशीच चालते, आणि तिची काडतुसं आजही अमेरिकेतल्या दुकानात मिळतात. जुनं होणं म्हणजे निरुपद्रवी होणं नव्हे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८ हजारांहून जास्त माणसं बंदुकीने गेली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरातल्या हत्याराचा पहिला धोका चोराला नसतो, घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाला असतो. आणि लहान फ्रेम म्हणजे मुलाच्या हातातही मावणारी मूठ. घड्याळ कितीही दुर्मिळ असलं तरी त्याने नातवाला इजा होत नाही. म्हणून 'ही फक्त यंत्रं आहेत' हे वाक्य मला ऐकवत नाही. भाचा काडतुसं घरात ठेवत नाही आणि कपाटाला भक्कम कुलूप आहे, हे मला माहीत आहे. ते त्याचं कर्तव्यच आहे, त्याबद्दल शाबासकी कशाला द्यायची?

मग ही वस्तू संग्रहातली कधी आणि नुसतं हत्यार कधी? माझं उत्तर सरळ आहे. जिच्याविषयी लिहून ठेवलेलं आहे ती संग्रहातली. जिच्याविषयी काही लिहिलेलं नाही ते कपाटातलं हत्यार, मग ते कितीही दुर्मिळ असो. दुर्मिळपणा त्या लोखंडात नसतोच. तो माहितीत असतो. ती माहिती पुसली गेली की मागे जे उरतं ते गोळी झाडण्याचं साधन.

हे त्या लोकांनाही कळतं. म्हणून तर कारखान्याच्या जुन्या दप्तरांवरून पत्र मिळवण्याची सोय तिथे आहे. रिव्हॉल्व्हरचा नंबर कळवला की ते कधी, कोणत्या रूपात आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालं, हे दप्तर पाहून लिहून देतात. स्मिथ अँड वेसनचे इतिहासकार रॉय जिंक्स यांनी हे काम कित्येक वर्षं केलं. १९७७ साली त्यांनी कंपनीचा इतिहासही लिहिला. पण हे पत्र दुकानाच्या दारापर्यंत येऊन थांबतं. दुकानातून ते कुणी नेलं, कुठल्या तळ्यावर नेलं, कुणाच्या पेटीत पडून राहिलं, याविषयी दप्तराला काही माहीत नसतं.

कायद्यानेही एक वही ठेवायला लावली आहे. परवानाधारक संग्राहकाला बांधीव वहीत नोंद करावी लागते: केव्हा घेतलं, कुणाकडून, कंपनी कोणती, मॉडेल, नंबर, आणि केव्हा कुणाला दिलं. हे ऐकलं तेव्हा मला आमचं शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सगळं असतं. पन्नास वर्षांनी कुणी दाखला मागायला आलं तर तेवढ्यावर दाखला देता येतो. पण मुलगा कसा होता, ते त्यात नसतं. गणितात रडायचा आणि गाताना वर्ग गप्प करायचा, हे बाईंच्या डोक्यात असतं आणि बाईंबरोबर जातं.

भाच्याच्या डोक्यात असं पुष्कळ आहे. एक किट गन त्याने एका वृद्ध बाईंकडून घेतली. तिच्या नळीच्या टोकाचा निळा रंग घासून गेलाय, मुठीवर एक ओरखडा आहे. संग्राहकांच्या भाषेत हा डाग. डबा, कागद, स्क्रू-ड्रायव्हर सगळं असेल आणि एकही गोळी झाडलेली नसेल, तर त्या नगाला मोल जास्त. पण त्या बाईंनी त्याला सांगितलं, की तिचा नवरा दर उन्हाळ्यात मासे धरायला जाताना ते पेटीत घेऊन जायचा, आणि तो ओरखडा गळाचा आहे. मला विचाराल तर साऱ्या कपाटात हा एकच नग आपल्या नावाला जागला. किट गन किटमध्ये राहिली. डब्यातून कधी बाहेर न निघालेली किट गन म्हणजे एकदाही न उघडलेली क्रमिक पुस्तकाची कोरी प्रत. हा ओरखडा कशाचा, हे भाच्याने कुठेही लिहिलेलं नाही. "माझ्या लक्षात आहे ना," म्हणतो.

लक्षात आहे, पण किती दिवस? तोही आता साठी ओलांडून बसलाय. आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. भाचेसुनेला या कपाटात काय आहे हे ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही. एक मुलगी कॅलिफोर्नियात, मुलगा टेक्सासमध्ये. दोन्ही राज्यांचे शस्त्रांचे नियम एकमेकांपासून दोन टोकांना. वारशाने आलेलं हत्यार एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ शकतं, संघराज्याचा कायदा तेवढी मुभा देतो, पण तिथे पोचल्यावर त्या राज्याचे नियम लागतात. आणि मुख्य म्हणजे दोन्ही मुलांना ते नकोच आहेत. मुलगी तर सरळ म्हणते, मी त्यांना हात लावणार नाही.

असं घर डोळ्यांसमोर आणा. माणूस गेलाय, तेराव्याला आलेली माणसं परत गेली आहेत, आणि घरातल्या बाईच्या हातात एका कपाटाची किल्ली आहे. ती काय करेल? पहिला जो व्यापारी येईल त्याला सगळं कपाट उक्तं देईल, तो चीफ्स स्पेशलचा दुर्मिळ नग शंभरातल्या एकासारखा उचलून नेईल. किंवा शहराच्या पोलिसांची बंदुका परत घेण्याची मोहीम असेल तिथे नेऊन देईल, आणि ते वितळवले जातील. यात मला अन्याय दिसत नाही. नको असलेलं हत्यार नष्ट होणं हे काही वाईट नव्हे. सर्वांत वाईट तिसरं, की ती काहीच करणार नाही. कपाट तसंच राहील, किल्ली खणात पडेल, आणि दहा वर्षांनी ती कुणाच्या तरी हाताला लागेल. तोपर्यंत किट गन काय, बेकार्ट काय, हे सांगणारं कुणी नसेल. असेल ते फक्त चालू स्थितीतलं हत्यार.

पुण्यात केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, भांडी जन्मभर जमवली आणि तो सगळा संग्रह आपल्या हयातीतच शासनाच्या हवाली केला. अडकित्त्याने कुणी कुणाचा जीव घेत नाही, तरीही त्यांनी मागच्यांवर भार ठेवला नाही. मग ज्याच्या कपाटात रिव्हॉल्व्हरं आहेत त्याने किती आधी विचार करायला हवा?

भाचा म्हणतो, "विकायचं मनात आणलं की हात जड होतो." समजू शकते. माझ्याही कपाटात अशी पुस्तकं आहेत जी मी कुणाला देत नाही. पण पुस्तक मागे राहिलं तर फार तर रद्दीत जाईल. त्याच्या छंदाला ही सवलत नाही. हातात आहेत तोवर त्यांचा निकाल लावणं हा त्या छंदाचाच भाग आहे, त्याचा शेवट नव्हे. कुणा जाणकार तरुण संग्राहकाला रीतसर विकावीत, वायोमिंगमधल्या कोडीसारख्या शस्त्रांच्या संग्रहालयाला एखादा नग हवा आहे का ते विचारावं, आणि ज्याचं कुठेच जमत नाही ते नष्ट करायला द्यावं. काहीही चालेल, पण ठरवणारा तो असावा. बायकोच्या गळ्यात टाकलेली किल्ली नसावी.

म्हणून, बाळा, तू हे वाचशीलच, तर तुला एक गृहपाठ देते. सरकारी वही आहे तशी राहू दे. तिच्या शेजारी दुसरी एक साधी वही घे. प्रत्येक रिव्हॉल्व्हरला एक पान. आधी त्याची ओळख, नंबर, कारखान्याच्या पत्रात काय आहे ते. मग ते तुला कुणी दिलं, त्या माणसाने काय सांगितलं, कुठला ओरखडा कशाचा. खाली एक रकाना: 'हे पुढे कुणाकडे'. तो रकाना भरता येत नसेल, तर तो नग ठेवायचा की नाही याचा विचार कर. एक पान झालं की भाचेसुनेला वाचून दाखव. तिला खाच आणि माशी कळली नाही तरी चालेल, कुठल्या पानावर काय करायचं एवढं कळलं पाहिजे.

सुरुवात त्या ओरखड्यापासून कर. त्या बाईंचं नाव अजून तुझ्या लक्षात असेल.